ना हरकत

वाडी कबीरच्या टाइल्सच्या शोरूममध्ये
शटर पाडल्यावर आम्ही एसी बंद केला,
त्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये घुसत होती.
जुलै महिना. पाच मिनिटांत
दत्ताराम मानेच्या हनुवटीवरून घाम
रंगाच्या रिकाम्या बादलीवर, टप् टप्,
तालाच्या आधीच.

किल्ल्या माझ्याकडे असायच्या
म्हणून मी बँडमध्ये.

जुलेखा होडेकर टबात उभी.
डिस्प्लेचा टब, इटालियन, चारशे रियाल,
नळ आहे, पाणी नाही.
आवाज तिथे घुमतो असं मुरादचं म्हणणं,
आणि मुरादला आवाजातलं कळतं,
त्याच्या बापाचं जनरेटर दुरुस्तीचं दुकान आहे.

ती रुवीच्या टायपिंग सेंटरात बसते.
दिवसाला साठ अर्ज, त्यातले चाळीस एकच :
सदर कामगारास दुसरीकडे जाण्यास
आमची हरकत नाही.
अरबीत म्हणे ला माने.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दत्तारामने ओ दिली
आणि रांग मोडून थेट खिडकीशी गेला.

तिचा बाप हर्णैच्या बंदरावर
मासळीचा लिलाव पुकारायचा,
समोर वारा, माइक नाही.
घसा तिच्या वाट्याला आला.
जमीन भावांना गेली.

गाण्याला शब्द असे नव्हतेच. अर्जच होता.
आमची हरकत नाही,
आमची हरकत नाही, आमची हरकत नाही,
दर वेळी जरा वरच्या पट्टीत,
खाली बिजॉयचा बेस विहीर खणल्यासारखा,
मुरादचे तीन कॉर्ड, तिसरा नेहमी चुकलेला,
आमची हरकत

इथे सगळं थांबतं.
एक श्वास.
आणि टबातून : आहे!

दोन मिनिटं अकरा सेकंद.
बँडचं नाव बिनपगारी.

गुरुवारी रात्री, इशाच्या नमाजानंतर,
हमरियातल्या शाजीच्या मोबाइलच्या दुकानात
ते प्रसिद्ध झालं.
म्हणजे शाजीने मेमरी कार्डात टाकलं,
भजनं आणि सिनेमाची गाणी यांच्या मधे,
दोनशे बैशांत चाळीस गाणी,
त्यात हे एक, कुणी न मागितलेलं.

तीन आठवड्यांत ते पाण्याच्या टँकरमध्ये होतं,
न्हाव्याच्या आरशामागे होतं,
कॅम्पाच्या बसमध्ये तर रोजच.
मागच्या सीटवरचे सिल्हेटचे लोक
अख्खं गाणं गप्प बसायचे
आणि बरोब्बर त्या जागी ओरडायचे, आहे!
पेशावरचा ड्रायव्हर उगाच ब्रेक दाबायचा.
एकाने मला अर्थ विचारला. सांगितला.
बस? म्हणाला. एवढाच?
एवढाच.

ऑक्टोबरात माझा स्वतःचा अर्ज घेऊन
मी मंदूबच्या केबिनमध्ये गेलो.
जुलेखाने टाइप केलेला, पैसे न घेता,
कोपऱ्यात चहाचा अर्धा गोल.
त्याने चष्मा पुसला, लावला,
तेवढ्यात त्याचा फोन वाजू लागला.
आमची हरकत नाही, आमची हरकत नाही.
मुलाने लावून दिलंय, म्हणाला, मोठा आवाज आहे,
गाडीतही ऐकू येतं.
उचलायला हात नेला, आणि नुसताच धरून बसला.
दुसऱ्या हाताचं बोट टेबलावर,
दत्तारामच्या बादलीच्या अर्धा ठोका मागे.
पुढे काय येतंय मला ठाऊक होतं.
तो श्वास आला.
मी तोंड मिटून घेतलं.
फोन ओरडला.

सही झाली नाही. पुढच्या वर्षी बघू.
कागद परत देताना मात्र त्याने विचारलं,
हा शेवटचा शब्द, कुठला?
आमच्याकडचा, म्हटलं,
आणि नेमकं कुठलं आमच्याकडचं
हे मलाही सांगता आलं नसतं.

त्याच संध्याकाळी टब विकला गेला,
सीबच्या कुणा बंगल्यात.
पावती मीच फाडली.
दत्ताराम आणि मी तो ट्रकवर चढवला.
दोर आवळल्यावर त्याने सवयीने
कडेवर बोटांनी चार ठोके मारले.