घड्याळ तेवढं राहू दे

कुताइसी, फेब्रुवारी. चौथा मजला.
लिफ्टला नाणं लागतं,
खिशात निघाला फक्त पेनड्राइव्ह.
चालत गेलो.

दार उघडताच लामारा म्हणाल्या,
"वाझा, मुका झालाय रे तो.
परवाच्या अपडेटपासून तोंडच उघडत नाही."

काळी पेटी, तिच्यावर क्रोशाचा रुमाल.
(पंख्याची जाळीही झाकलेली.
तो मी आधी उचलला.)
शेजारच्या गेनोकडून त्यांनी स्पीकर उसने आणले होते,
वायरी उलट्यासुलट्या खोचून झाल्या होत्या,
आणि स्वतःचे जुने स्पीकर बाल्कनीत
लोणच्याच्या बरण्यांमागे हद्दपार.
चोर सोडून संन्याशाला सुळी.

टर्मिनल उघडलं. दोन ओळी विचारल्या.
मुकं कुठलं, चांगलं बडबडत होतं यंत्र,
फक्त मॉनिटरशी,
आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नाही.
दोन दिवस सगळा आवाज
असा भिंतीत जिरत होता.

लामारा तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या.
"म्हणजे प्लग चुकीच्या भोकात," म्हणाल्या,
"बातुमीचा कॉल झुगदिदीला.
एवढंच होय! मला वाटलं काही मोठं असेल."

मग डिस्क. शंभर टक्के भरलेली.
फोटो? मूठभर.
सिनेमे? एकही नाही.
होते ते लॉग:
प्रिंटर सापडत नाही
प्रिंटर सापडत नाही
प्रिंटर सापडत नाही
सेकंदाला पाच वेळा, दीड वर्ष,
एकवीस जीबी एकच वाक्य.
प्रिंटर त्यांनी केव्हाच विकला होता.
याला कुणी सांगितलंच नव्हतं.

कमांड लिहिली, एंटरवर बोट ठेवलं, थांबलो.
पुसण्याआधी दोनदा वाचायचं,
हे मी रडून शिकलोय
(दुसऱ्याच्या लग्नाचे फोटो.
ती गोष्ट नको आत्ता).
वाचलं. पुसलं.
डिस्कनं श्वास घेतला, की मीच घेतला, कोण जाणे.

निघता निघता कोपऱ्यात दिसलं घड्याळ,
चार तास मागे.
बसवतानाच कुणीतरी टाइमझोन निवडायचा विसरला असणार.
न विचारता तिबिलिसी टाकलं. एका सेकंदाचं काम.
लामारा चहा घेऊन आल्या,
पडद्याकडे पाहिलं,
आणि कप टेबलावर जरा जोरातच ठेवला.

"ते कशाला केलंस?"
"चुकलं होतं."
"ठाऊक आहे मला.
एतेरी ब्रागाला असते.
माझ्या वयाच्या बायकांना आंघोळ घालते तिथे, पोर्तुगालात.
सकाळी उठून मी इथे बघते:
पाच. झोपू दे.
रात्री बघते: सात. सुटली असेल.
वजाबाकी करावी लागत नाही, बाळा.
आवाज दिलास, जागा दिलीस,
घड्याळ तेवढं राहू दे."

मी पुन्हा खुर्चीत बसलो.
सांगावं की नाही कळेना. सांगितलं:
मार्चअखेर तिकडे काटे तासभर पुढे जातात,
आपल्याकडे नाही.
तुमचं हे चुकीचं घड्याळ
उन्हाळाभर तिथलंही नसायचं.

त्या बोटांवर काहीतरी मोजत राहिल्या.
"म्हणून," शेवटी म्हणाल्या,
"म्हणून जुलैमध्ये ती जांभया द्यायची.
मी म्हणायचे, माझा कंटाळा येतो हिला."

टाइमझोनची यादी उघडली, खाली सरकत गेलो,
लिस्बन.
आता काटे ते स्वतःच हलवील, मार्चात आणि ऑक्टोबरात,
त्यांना काहीच करावं लागणार नाही.
माझ्या कामाच्या वहीत मात्र
याला काय लिहावं सुचेना.
दुरुस्ती? रकाना कोराच ठेवला.

बाल्कनीतून जुने स्पीकर आणले,
व्हिनेगरचा वास येत होता त्यांना.
चाचणीचा आवाज लावला:
डावा. उजवा.
डावा जरा खरखरतो. त्यांना चालतो.

पैसे, वर आंबट आलुच्याची एक बाटली,
आणि लिफ्टसाठी वीस तेत्री, मुठीत कोंबून.
खाली रस्त्यावर मोबाइल पाहिला: साडेसहा.
चार वजा झाले आपोआप.
अडीच.
एतेरी कुणाला तरी भरवत असेल.