सात अंश

पिवळी गाडी, तिच्या मागे दोन नागमोडी रेघा,
लहान पोराने गिरगटल्यासारख्या.
एवढंसं चित्र. विद्याविहारच्या पुलावर चढताना लागलं,
उतरले तरी विझेना.

पुस्तिकेत लिहिलंय, घाबरू नका,
आणि त्याच ओळीत पुढे, सावकाश चालवा.

घाटकोपरला एका दुकानात तीनशे रुपयांत विझवून मिळालं.
पोराने यंत्र लावलं, बटण दाबलं, "झालं मॅडम."
मी चोवीस वर्षं हिशेब तपासते.
न जुळणारी रक्कम सस्पेन्स खात्यात सारून
ताळेबंद जुळवणारी माणसं मला चालीवरून कळतात.
तरी पैसे दिले.
छेडानगरच्या वळणावर दिवा परत हजर.

मुश्ताक परकारांचं गॅरेज म्हणजे दोन गाड्यांची जागा,
तिसरी फूटपाथवर.
त्यांनी आधी बॉनेटला हातही लावला नाही.
"पुसायला काय, आत्ता पुसतो.
पण कोण खोटं बोलतंय ते नको का बघायला?"

भाची शबिस्ता शेजारच्या सीटवर, मांडीवर लॅपटॉप.
मी चालवते, ती वाचते.
चार चाकांचे चार आकडे: बावीस, बावीस, बावीस,
डावं मागचं मधूनच शून्य.
सापडला चोर, मी म्हटलं.

चाक उतरवलं. सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा चुरा
आणि वायरवर उंदराचे दात.
आमच्याच सोसायटीचे असणार,
तिथले उंदीर मेंटेनन्स न भरता राहतात.
जुन्या टूथब्रशने घासलं, वायर सांधली, वर टेप.
चारही बावीस.
दिवा तसाच.

चहा आला.
शबिस्ता बशीत ओतता ओतता म्हणाली,
"आंटी, स्टिअरिंग सरळ धरा ना."
सरळच आहे.
"यात सात दाखवतंय."

गेल्या महिन्यात चेंबूरला अलाइनमेंट केली होती.
कुणीतरी घाईत स्टिअरिंग काढलं
आणि बसवताना एक दात चुकवला.
चाकावरचं बोधचिन्ह कललेलं होतं.
महिनाभर माझ्या नाकासमोर, आणि मला दिसलं नाही.
गाडी जायची सरळ, हात सांगायचे वळतोय,
आणि आत कुठेतरी बसलेला तो छोटा मापारी
दोन्ही जबान्या लिहून घेत राहिला.
शेवटी त्याने दिवा लावला.
मीही तेच केलं असतं.

परकारांनी बॅटरीची वायर सोडली.
"एअरबॅग आहे. दहा मिनिटं थांबायचं."
दहा मिनिटं कुणी काही बोललं नाही.
मग एक नट, एक झटका, एक दात उजवीकडे.

आता तिला शून्य शिकवायचं.
डावीकडे शेवटपर्यंत, उजवीकडे शेवटपर्यंत,
मग मधोमध, आणि मग सरळ, न वळवता.
"रस्ता सरळ पाहिजे," परकार म्हणाले, आणि स्वतःच हसले.
इथे मेट्रोचा खड्डा, तिथे पाइपलाइन,
कुठे मंडप, कुठे डबल पार्किंग.
मुंबईत सरळ म्हणजे सगळी वळणं वजा करून उरतं ते.

रविवारी सकाळी सहाला
भांडुपच्या मिठागरांच्या कडेने निघालो.
पाण्यावर उजेड, वास मात्र चिखलाचा.
"काहीही आलं तरी वळवायचं नाही," शबिस्ताने बजावलं.
एक कुत्रं आलं. मी वळवलं.
तिने जांभई दिली. "पुन्हा."

दुसऱ्या खेपेला, पाचशे मीटरच्या आसपास,
दिवा गेला. कसलाही आवाज न करता.
त्या काळ्या जागेकडे मी इतकी बघत राहिले
की शबिस्ताने समोर बघा म्हणून सांगितलं.

परतताना गाडी सारखी डाव्या लेनकडे सरकायची.
गाडीचा दोष नव्हता.
हातांना सातची सवय लागली होती,
आणि त्यांना लावायला परकारांकडे वायर नव्हती.

बिल वहीच्या पानावर, निळ्या पेनाने:
सेन्सर साफसफाई, वायर जोडणी, स्टिअरिंग काढून बसवणे,
आणि शेवटी,
शून्य करणे, दीडशे रुपये.

चोवीस वर्षांत अशी नोंद पाहिली नव्हती.
व्हाउचर मागितलं नाही.
पर्समधून लाल पेन काढलं
आणि त्या ओळीसमोर बरोबरची खूण केली.