हात खांद्याच्या वर नाही

खर्रा सोडला, हे आधी.
सहा आठवडे, डॉक्टर म्हणाले, तंबाखूचा कणही नको,
रक्त टाक्यांपर्यंत पोचायला हवं.
गोळीबार चौकातल्या टपरीवर गजू
पन्नी घोटता घोटता विचारायचा,
"काऊन बे, कोणी शपथ घातली का?"
मी म्हणालो, दात दुखतो.
सहा आठवडे तोच एक दात.
त्याने लवंग दिली, पैसे घेतले नाहीत.

मग पहाटे अंबाझरीला चालणं.
बाइंडर घरी, अंगात सैल स्वेटर, वर बाबांचं जर्किन.
जानेवारीची थंडी, कोणी वळून पाहिलं नाही.
अकरा वर्षं आवळलेल्या बरगड्यांना
श्वास शिकवत होतो,
चार आत, सहा बाहेर,
बाकावरच्या निवृत्त काकांच्या प्राणायामात
गुपचूप एक माणूस जास्त.

यादी पंचशीलाची. ती मेडिकलला एक्स-रे काढते
आणि मला दमात घेते:
समोरून बटणांचे शर्ट. लांब वायरचा चार्जर.
वाकणारी स्ट्रॉ. पोट साफ व्हायचं औषध,
हसू नको, सगळे हेच विसरतात.
पाठीवर झोपायची सवय आत्तापासून.
मी जन्माचा पालथा झोपणारा.
दोन्ही बाजूंना तक्के लावले, रात्रभर छत पाहिलं.
आमच्या छताला इतकी कोळिष्टकं आहेत,
माहीतच नव्हतं.

आईशी या विषयावर बोलणं झालं नव्हतं.
म्हणजे मी बोललो होतो,
ती तांदूळ निवडत राहिली.
वर्षभर ती मला 'बे' म्हणते,
'गं' आणि 'रे' दोन्ही चुकवून.
नागपूरने तिची सोय केली आहे.

धंतोलीला भरती व्हायच्या आदल्या दिवशी पाहिलं,
वरच्या फळीवरचा चहाचा डबा खाली आलेला.
साखर खाली, टॉवेल खाली, माझा कंगवा,
सगळं कमरेच्या उंचीला.
"हे काय?"
"फळी घासून राहिली होती," ती म्हणाली.
फळी तशीच मळकी.

शुद्धीवर आलो तेव्हा वाटलं,
छातीवर कोणीतरी बसलंय.
बसलं नव्हतं. उठून गेलं होतं.

काखांखालून दोन नळ्या, टोकाला दोन फुगे.
बाबांच्या मागाच्या जुन्या हिशेबवहीत,
सुताची बंडलं संपतात त्याच्या पुढच्या पानावर,
आई लिहायची: उजवी चाळीस, डावी पस्तीस.
उजवी तीस, डावी बावीस.
बाबा चष्मा लावून आकडे वाचायचे,
"उतरून रायलं," म्हणायचे,
माझ्याकडे न बघता.
पाचव्या दिवशी डावी पंचेचाळीस.
त्या रात्री कोणी नीट जेवलं नाही.
पंचशीला फोनवर ओरडली,
"हात वर केला होता ना?"
केला होता. खिडकीची वरची कडी लावायला,
मांजर येत होतं.

शर्टाची बटणं आई लावायची,
वरून खाली, नजर भिंतीवर.
लहानपणी फ्रॉकची मागून लावायची,
तेव्हा मी भिंतीकडे बघायचो.
न्हाणीत प्लास्टिकची खुर्ची, मान मागे,
तांब्याने सावकाश पाणी.
"डोळे मिट बे."

एप्रिलात कूलर निघाला.
बाबांनी नवी खस भरली, घरभर ओल्या गवताचा वास.
बादली मी उचलायची नाही, आणखी आठ दिवस.
दुपारी सगळे झोपल्यावर
वरची तीन बटणं स्वतः काढली.
डावीकडे वारा लागला, गार, थोडा ओलसर.
उजवी बाजू अजून बधिर आहे,
तिथे वारा पोचतोय
हे शर्टाची कड हलते त्यावरून कळतं.
येईल, डॉक्टर म्हणाले, नाही तर नाही.
मी जरा सरकलो
आणि तीच बाजू पुढे केली.