गिरणीवरचा फळा

आधी मी वहीत लिहून पाठवायचे.
खाली रकाना आखलेला : पालकांची सही.
दुसरीच्या चौतीस वह्यांपैकी
एकोणतीस सह्या एकाच हाताच्या,
चौथीतल्या बळीरामच्या.
एका सहीला पाच बोरं असा भाव होता,
हे मला संक्रांत उलटल्यावर कळलं.

मग पालकसभा ठेवली. दुपारी तीनला,
ऐन कापूस वेचणीत.
आले सरपंचांचे मामा आणि एक शेळी.
मामांनी भाषण केलं.
शेळीनं हजेरीपत्रकाचा कोपरा खाल्ला.

मग मोबाईलवर ग्रुप.
फोन बापाच्या खिशात, बाप जिंतूरच्या मोंढ्यात,
गृहपाठ घरी पोचायचा रात्री साडेनऊला.
लेकरू तोवर
पाटीवर डोकं टेकवून झोपलेलं.

पद्मिनबाई थिट्टे म्हणाल्या,
"बाई, आमी समद्या बुधवारी, शनिवारी गिरणीवरच असतो की.
डबा लावला की हुबं ऱ्हावंच लागतंय.
तिथंच काहून सांगत न्हाईत?"

वजीरभाईंनी भिंत दिली,
उरलेला काळा ऑइलपेंट दिला,
खडू ठेवायला चाळणीची तुटकी कड.
पहिल्या दिवशी मी लिहिलं :
दुसरी. हातच्याची बेरीज.
घरी दहा गणितं.
शुक्रवारी चाचणी.
पट्टा फिरत होता, कुणाला काही ऐकू जाईना.
वजीरभाई नरड्याच्या शिरा ताणून ओरडले,
"हातच्याची! हातच्याची बेरीज!"
"कुनाच्या हाताची?" मागून कुणीतरी.

मग मी ज्वारीचे दाणे मांडले डब्याच्या झाकणावर.
आठ आणि पाच. तेरा.
तीन इथं ठेवायचे,
दहाचा एक हातात धरायचा, शेजारच्या घरात न्यायचा.
"हे व्हय," पद्मिनबाई म्हणाल्या,
"बचतगटात आमी म्हैन्याच्या म्हैन्याला हेच करतो.
निस्तं नाव ठावं नव्हतं."

मला चढलं थोडं. कबूल करते.
पुढच्या शनिवारी चाचणीचे गुणही लिहून टाकले,
नावांसकट, सुवाच्य अक्षरात.
शिवतेज, वीसपैकी सहा.

सोमवारी शिवतेज आला नाही. मंगळवारीही नाही.
बुधवारी त्याची आई आली, कालिंदा.
डबा खाली ठेवला,
सुपातल्या पिठानं भरलेला हात
तसाच फळ्यावर टेकवला.
सहा गेला. त्याच्या जागी पाच पांढरी बोटं.
"धडा सांगा बाई. चाचनी कदी हाय ते सांगा.
त्याला काय येत न्हाई ते बी सांगा,
पर माझ्या कानात.
ह्यो फळा हाय, चावडी न्हाई."

मी काय बोलणार होते?
गिरणी बंद पडल्यासारखं वाटलं. चालूच होती.

तेव्हापासून फळ्यावर फक्त एवढंच :
काय शिकवलं, घरी काय करायचं, चाचणी कधी.
बाकीचं एकेकीच्या कानाशी.
ज्या आवाजाला मी शिव्या घालायचे
तोच आता आडोसा झाला.
शेजारणीलाही कळत नाही
मी काय म्हणाले कालिंदाला :
वाचतो चांगलं, जोडाक्षराला अडतो,
वजाबाकीत वरचा आकडा लहान असला
की खालच्यातून वरचा वजा करून मोकळा होतो.
रोज तीन द्या. दहा नकोत.
ती मान हलवते, तीन बोटं दाखवते,
मी तीन बोटं दाखवते.

जवळ वाकून बोलताना
माझ्या केसांना पीठ लागतं.
झटकलं तरी कानामागं राहतंच.
गुरुवारी वर्गात शिरले
की पहिल्या बाकावरून आवाज,
"बाई, काल कुनाच्या आईला सांगितलं?"
मी हजेरी घेते.
शिवतेज माझ्या कानामागं बघतो,
मग दप्तरातून वही काढतो,
न सांगता,
आणि उघडून ठेवतो. तीन गणितं.
एक चुकलंय.