रकाना अकरा

ब्लॅकबर्न. नोव्हेंबर. पाच वाजताच
दिव्यांनी रस्ता ताब्यात घेतलेला.
मिस ॲक्रॉइड पुढे, मी मागे,
काखेत कौन्सिलची फाइल, बावीस रकान्यांची.
शाळा सुटल्यावर भरणाऱ्या शाळा तपासायच्या
असं धोरण ठरलंय. सध्या ऐच्छिक.
ऐच्छिक म्हणजे काय, ते या गल्लीत
कुणी कुणाला समजावून सांगत नाही.

खाली चिप्सचं दुकान, वर मकतब.
जिन्यात लहान बुटांचा ढीग,
एकात कोंबलेला फुटबॉलचा मोजा.
वर तीस पोरं, तीस रेहाल,
तीस वेगवेगळ्या पानांवर
एकदमच डोलणारा आवाज.

उस्तानीबाई लगेच उठल्या नाहीत.
एका मुलीची ओळ पुरी होऊ दिली,
मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या.
खैरुन्निसा हुर्जूक. वय एकसष्ट.
अग्निशामक? आहे. प्रथमोपचार? आहे.
पोलिसांचा दाखला? लॅमिनेट करून भिंतीवर,
नमाजाच्या वेळापत्रकाशेजारी.
मारता का?
हे मिस ॲक्रॉइडनी कागदाकडे बघत विचारलं.
विचारायलाच हवं होतं. गेल्या वर्षी
दुसऱ्या गावातल्या एका मुलाच्या तळहाताचा फोटो
मीच फाइलला टाचला होता.
बाई म्हणाल्या, "मी मार खाल्लाय.
यासीन वाचताना एका जागी
अजून अडखळते. नाही मारत."

खिडकीला प्लायवूड का?
बाईंच्या आधी एक दात पडलेला मुलगा बोलला,
अस्सल लँकशरच्या हेलात:
"वीट आली होती. मंगळवारी."
पोस्ट आलं होतं म्हणावं, तसं.
मी लिहिलं: रकाना सात, वायुवीजन अपुरे.
विटेसाठी रकाना नव्हता.

मूल्यं कोणती शिकवता?
बाईंनी जरा वेळ घेतला.
"दुसऱ्याचे बूट तुडवत वर यायचं नाही.
इथून सुरुवात करते."
मिस ॲक्रॉइड हसल्या. कुठे लिहायचं
ते त्यांनाही कळेना.

इतक्यात मागच्या ओळीत कुणीतरी
भरधाव सुटलं आयतींवरून,
आणि बाई मान न वळवता म्हणाल्या,
"हलू वाच रं, अरीब. अल्लाला घाई नाय."

माझं पेन थांबलं.
हलू. ते ळ गिळलेलं हलू
मी शेवटचं ऐकलं दापोलीच्या बाजारात,
सोडे मोजून देणाऱ्या बाईच्या तोंडून.
"तुम्ही हर्णैच्या?" निसटलंच.
"बाणकोट," त्या म्हणाल्या. "नि तू?"
तीस पोरं वाचायची थांबली:
कौन्सिलची बाई आजीसारखी बोलते!

रकाना अकरा. अध्यापनाची भाषा:
इंग्रजी, अरबी, उर्दू, इतर.
"अर्थ कोकणीतून सांगते," त्या मला म्हणाल्या,
मिस ॲक्रॉइडना नव्हे.
"सब्र म्हंजे काय? तर येईस्तोवर
धक्क्यावर बसून र्‍हाणं.
ह्यांनी तर बघितली नाय, धक्का बघितला नाय.
तरी कलतं."

दर रविवारी प्रेस्टनच्या चर्चहॉलमध्ये
मी मराठीचा वर्ग घेते. अकरा मुलं.
अथर्वशीर्ष घडाघडा म्हणतात,
अर्थ विचारला की माझ्याकडे बघतात.
पाच वर्षांत कुणी फाइल घेऊन आलं नाही.
आमच्याकडे अग्निशामक आहे की नाही,
खरं सांगायचं, मला माहीत नाही.

जिन्यावरून उतरताना मिस ॲक्रॉइड म्हणाल्या,
"बऱ्या आहेत बाई." मग थोड्या वेळाने,
"दारं मात्र बाहेरच्या बाजूला उघडायला हवीत."
दोन्ही खरं होतं.

गाडीत बसून मी रकाना पुरा केला.
'इतर'वर खूण, पुढे लिहिलं: मराठी.
सिग्नलपाशी ध्यानात आलं,
त्या तर कोकणी म्हणाल्या होत्या.
मी न विचारताच त्यांना
माझ्या रकान्यात बसवलं होतं.

शाई वाळली होती.
फॉर्मवर खाडाखोड चालत नाही.