पहिलेच शिजेल

नंदुरबार स्टेशनपासून हिलालनं
थर्माकोलची पेटी मांडीवर धरून आणली,
प्रकाशाला उतरेपर्यंत पँट भिजून गार.
पेटीत बर्फाचा चुरा, चुऱ्यात झिंगे
टरफलासकट, करंगळीएवढे, गुलाबी.

सुपडी फुईनं एक उचलून उजेडाला धरला.
"हाई लाल कसं? आपला झिंगा ते
चुल्हावर चढना का मंग लाल व्हस."
जहाजावरच उकडतात फुई, हिलाल म्हणाला,
जाळं वर आलं की लगेच, खाऱ्या पाण्यात.
"म्हंजे परकानी रांधेल शे."
तिला ते आवडलं नाही.

चाळीस हिवाळे ती तापीच्या उथळात उभी राहिली,
फडक्याचं एक टोक तिच्या हाती, दुसरं जावेच्या,
पाय आपले आहेत का हे कळेनासं होईस्तोवर.
बॅरेज झालं, पाणी हलायचं थांबलं.
आता फडकं पिठाच्या डब्यावर बांधलेलं असतं.

तिकडं पाणी इतकं गार, हिलाल सांगत होता,
की पडलेला माणूस हाक पुरी करत नाही.
आणि हा झिंगा जन्मतो नर,
काही वर्षं नर म्हणून हिंडतो,
मग त्याचीच मादी होते,
सगळा हिवाळा अंडी पोटाशी धरून बसते.
मी हसले. फुई हसली नाही.
फुवा गेले त्या साली तिनं होडी हाती घेतली
तेव्हा भोईवाडा म्हणायचा, सुपडी गडी झाली.
"मनं उलटं व्हयनं,"
एवढंच बोलून ती खोबरं भाजायला बसली.

लिंबू पिळून गारच खायचे असतात,
हिलाल दोनदा म्हणाला.
कांदा काळा झाला, पाटा वाजला,
रश्शावर तवंग आला, झिंगे आत गेले
आणि रबर झाले.
कळण्याची भाकरी रश्शात बुडवून आम्ही जेवलो.
झिंगे दाढेखाली बराच वेळ राहिले,
कुणी काही बोललं नाही.

पेटी धुताना तळाशी एक सापडला,
पोटाखाली निळसर अंडी.
असली निघाली की फुई पाण्यात सोडायची,
वर शिवी द्यायची, वझं लिसन कोठे फिरस वं.
मला वाटलं, आता ही घाटावर जाणार.
तिनं अंडी नखानं खरवडून मांजरीपुढे टाकली,
टरफल काढलं, उरलेला तसाच तोंडात,
मीठ नाही, लिंबू नाही.
"गोड शे. तठलं पानी गोड व्हई."
खारं असतं फुई, हिलाल म्हणाला.
ती चघळत राहिली.
मांजरीनं वास घेतला, एकदा चाटलं,
आणि थंडीत बाहेर निघून गेली.