तीन नंबरची खोली

आमच्या लॉजचा जिना खाली जातो.
वर नुसती पत्र्याची शेड, टेबल, रजिस्टर
आणि चिंचेखाली गाड्या लावायला जागा.
खोल्या तीन. तिन्ही जमिनीच्या पोटात.

हरिपुरात हळद अशी ठेवायचे:
तोंड माणूस शिरेल एवढंच, आत पोट रांजणासारखं,
वरून फरशी, फरशीवर चिखल.
पेवं बरीचशी महापुरात गेली,
ही तीन चढावर होती म्हणून राहिली.
मग बाहुबली बिरनाळ्यांना एक दिवस सुचलं,
लोक पैसे देऊन झाडावर झोपतात,
तर खाली का नाही?

खाट तोंडातून आत जाईना,
म्हणून सुतारालाच फळ्यांसकट आत सोडला.
खाट आतच बांधली त्यानं.
आता ती कधीच बाहेर येणार नाही.

पुण्याचं जोडपं रात्री दीडला वर आलं,
रेंज नाही म्हणालं, गाडीत झोपलं.
इचलकरंजीचा एक यंत्रमागवाला सोळा तास झोपला,
वर येऊन चहा घेताना उगीचच रडला.
खटखट थांबली की असं होतं म्हणे.
एका पोरीनं भिंतीला जीभ लावून बघितली.
सगळं मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिते.

तायव्वा ऐवळे जतच्या एसटीनं आल्या, मंगळवारी.
पिशवीत स्वतःची वाकळ, आणि एक कंदील.
भाडं विचारलं. अठराशे.
"तीन नंबरचं दे. मालकांनी खांदलंय ते."
मी म्हटलं, बिरनाळ्यांनी?
"ते न्हवं गं. माझं मालक."
रोज दीड रुपया, बारा दिवस, बोटांवर मोजून सांगितलं.

मग म्हणाल्या, आधी कंदील सोड.
मी पंखा दाखवला, हवेची नळी दाखवली,
मिरजेहून इंजिनिअर आला होता ते सांगितलं.
"असू दे. सोड."
दोरी बांधून सोडला.
दोघी तोंडाशी ओणव्या.
ज्योत खाली गेली, बारीक झाली,
तिळाएवढी होऊन थरथरली,
राहिली.
"हां. आता माणूस जाऊ दे."
जिन्यावर पहिला पाय ठेवताना एवढंच बोलल्या,
"एकदा घाईत सोडला न्हवता."
मी पुढं विचारलं नाही.

रात्री मी वर शेडमध्येच असते.
दोनच्या सुमाराला खालून आवाज आला.
रडणं नव्हतं.
कुणाला तरी रागवत होत्या, घरच्या आवाजात:
आधी पाय धू, मग ताटावर बस.
थोड्या वेळानं घोरणं. निवांत, लांबलचक.

सकाळी वर आल्या तेव्हा टाचा पिवळ्या.
इतक्या वर्षांनी अजून भिंत रंग सोडते.
भडंग खाल्लं, कांदा मागून घेतला,
पदराच्या गाठीतून नोटा काढल्या.
मी नको म्हटलं.
"का? फुकट ऱ्हायला आम्ही काय पाव्हणं हाय?
घे. आन पावती त्यांच्या नावानं फाड."

सिद्राम तुकाराम ऐवळे, मी लिहिलं.
येण्याची वेळ?
थोडा विचार करून, "सकाळी आठ. भाकरी बांधून दिली व्हती."
जाण्याची वेळ?
त्या कंदिलाची काच पुसत होत्या.
पुसून झाल्यावर वाकळीत गुंडाळला,
आणि साडेनवाची गाडी गाठायला निघाल्या.

तो रकाना अजून कोरा आहे.
बिरनाळे दर महिन्याला हिशेब बघताना विचारतात,
अगं, हा पाहुणा गेला की नाही?
खोली रिकामी आहे, एवढं मी सांगते.

आता आम्ही स्वतःचा कंदील घेतलाय,
सांगलीच्या जुन्या बाजारातून, दोनशे वीसला.
पाहुण्यांना वाटतं, हा पॅकेजचाच भाग.
मोबाइल काढून व्हिडिओ घेतात, टाळ्या वाजवतात.
मी टाळ्यांकडं बघत नाही.
दोरी धरून ओणवी होते,
आणि तीळ थरथरायचा थांबेपर्यंत
कुणालाही जिन्याला हात लावू देत नाही.